पिंजाऱ्याचा ठोका

त्या काळात मी देवापुढं दिवा लावत होते, पण मागणं सोडून दिलं होतं. मागून मागून जीभ थकली होती, आणि ऐकणारं कुणी आहे की नाही, याचीच मनाला शंका येऊ लागली होती.

आम्ही बेंबळीचे. राज्य निजामाचं होतं. माझे मालक मारुतीच्या देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. गाव त्यांना बुवा म्हणे. एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलू लागली, चिमटीत ज्वारीचा दाणा घोळवावा तशी. उस्मानाबादच्या वैद्यांनी नाडी पाहून कंपवात सांगितला. औषध दिलं, पण हा रोग वाढतच जाईल, हेही लपवलं नाही. पुढं एकादशीच्या भजनात हात तालाबाहेर गेला. बुवांनी पखवाज खाली ठेवला, घरी आले आणि पुन्हा देवळाची पायरी चढले नाहीत. हळूहळू चेहराही ताठरला. आनंद नाही, राग नाही, काहीच दिसेना. भजनी मंडळी भेटायला येत, पण त्या कोऱ्या चेहऱ्यापुढं त्यांना अवघडल्यासारखं होई. बुवांना आपण नको आहोत असं समजून एकेक जण यायचा थांबला. मी तुळजापूरला गेले, आईची ओटी भरली आणि पदर पसरला, ‘यांचे हात परत दे.’ हात काही परत आले नाहीत.

सारा दिवस पडून राहिल्यानं बुवांची गादी दगडासारखी झाली होती. म्हणून एका दुपारी दारावरून चाललेल्या पिंजाऱ्याला मी हाक मारली. हुसेनभाई त्यांचं नाव, मुरुमकडचे. अंगणातल्या लिंबाखाली त्यांनी कापूस मोकळा केला. तेवढ्यात बुवा बाहेर यायला उठले आणि उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. असं हल्ली वरचेवर व्हायचं. मी हाताला धरून ओढत होते, त्यानं ते जास्तच आखडत होते. चेहरा कोराच, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हुसेनभाई आमच्याकडं पाठ करून बसले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी कापूस पिंजायची कमान उचलली आणि तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, ठोका मारला. मग दुसरा, मग तिसरा. बुवांचा पाय उचलला गेला. ठोक्यामागं पाऊल, ठोक्यामागं पाऊल, असे ते माझा हात सोडून लिंबापर्यंत चालत गेले. कितीतरी दिवसांनी बुवा आपणहून बोलले, अगदी श्वासाएवढ्या आवाजात.

“पिंजारी, ठोका चुकायलाय तुमचा.”

हुसेनभाईंनी वळून पाहिलं आणि मोकळं हसले. “मग तुमी सांगा बुवा, कसा मारू?”

त्यानंतर ते या बाजूला आले की आमच्याकडं टेकायचेच. बुवांचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसायचे. ते अल्लाचं नाव घ्यायचे, बुवा विठ्ठलाचं. एकदा मी मन मोकळं केलं. “भाई, आईला लई मागितलं. तिनं काय दिलं न्हाय.”

ते म्हणाले, “अक्का, तुमी हात मागितले. बुवाला काय पायजे, ते इचारलं का कदी?”

त्या संध्याकाळी मी विचारलं. बुवा म्हणाले, “मंडळी येऊ दे. वाजवायचं न्हाय मला. नुसतं बसायचं हाय त्यांच्यात.”

एवढंच हवं होतं! आणि ते ओठांवर यायला एवढी वर्षं गेली. दुसऱ्या दिवशी मी भजनी मंडळींच्या घरोघर जाऊन हे सांगून आले. पुढच्या एकादशीचं भजन आमच्या अंगणात झालं, आणि पुढंही होत राहिलं. रोग थांबला नाही. आधी चालणं गेलं, मग घास गिळणं अवघड झालं. पण अंगण भरलेलं असायचं.

मग रझाकारांचे दिवस आले, त्यामागून हिंदुस्थानच्या फौजा आल्या. गावंच्या गावं हादरली, माणसं वाट फुटेल तिकडं गेली. हुसेनभाई पुन्हा आले नाहीत. बुवा दाराकडं बघून विचारायचे, “पिंजारी?” मी म्हणायचे, “येतील.” मुरुमच्या बाजारात पुष्कळांना विचारलं. त्यांच्या घराला कुलूप होतं, आणि पुढचं कुणी सांगेना. चैत्रात, भजन चालू असतानाच बुवा गेले. ज्यांनी ही माणसं आमच्या दारात परत आणली, त्या हुसेनभाईंना मी एक शब्दही कळवू शकले नाही. ही खंत माझ्याबरोबरच जाईल.

त्या दुपारी त्यांना आमच्या दारी कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. जिनं धाडलं असेल, तिच्यापुढं डोकं ठेवते. काय द्यायचं ते तिनं ठरवावं.

परवा शेजारची कुंभारीण म्हातारी दारात बसून माझ्याकडं बघत राहिली. तिचे हात कापतात, तिलाही तोच रोग. मी जवळ जाऊन विचारलं, “मावशी, काय आणू तुमाला?”

“काय नगं,” ती म्हणाली. “बस की जरा.”

माझ्या चुलीवर भाकरी होती. ती उतरवून आले आणि बसले.