ब्रीडाचे वीस आकडे

भूत, करणी, दृष्ट, बाहेरचं... यातलं काहीही मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. या ग्रुपवर कोणी चौकातल्या लिंबांचे फोटो टाकतं तेव्हा मी हसते, उघड हसते. पण मंदार, म्हणजे माझा नवरा, परवा म्हणाला, "रोज माझं डोकं खाण्यापेक्षा तिथे लिही एकदाचं." म्हणून लिहितेय. आणि कमेंटमध्ये येऊन मला 'रँडम नंबर खरे रँडम नसतात' हे शिकवू नका. अकरा वर्षं पुण्यात पॉलिटेक्निकला हेच शिकवलंय मी.

मंदारला ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही आयर्लंडला आलो. मला तिथून गाडीने अर्ध्या तासावरच्या गावातल्या एका कॉलेजात काम मिळालं. नाव सांगणार नाही. दोन वर्षांचा कॉम्प्युटरचा कोर्स. शाळेत मार्क कमी पडलेले, नोकरी गेलेले, मुलं मोठी झाल्यावर परत शिकायला आलेले, असे सगळे एका वर्गात. चांगले मार्क पडले तर पुढे युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला जागा मिळते. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली हेअरड्रेसिंगचा वर्ग, त्यामुळे दिवसभर शॅम्पूचा आणि तापलेल्या केसांचा वास. मॅडम वगैरे कोणी म्हणत नाही. "मृणाल, इकडे ये जरा!" सुरुवातीला एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

या वर्गात ब्रीडा होती. चोपन्न वर्षांची. एका फॅक्टरीत पॅकिंगच्या लाइनवर आयुष्य काढलं, फॅक्टरी बंद पडली, म्हणून ही इथे. दोन बोटांनी टाइप करायची. एकच गोष्ट तीनदा विचारायची. माझ्या ती पहिल्या दिवसापासून डोक्यात जायची, खोटं कशाला बोलू? पण घरी किती घासत होती कोण जाणे, मार्क मात्र पडत होते. तिला युनिव्हर्सिटीचं पत्रही आलं होतं – सगळ्या विषयांत डिस्टिंक्शन मिळवा, जागा तुमची. ते पत्र ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रोज कॉलेजला आणायची.

मी आपल्याकडच्यासारखा ड्राय रन करून घेते. म्हणजे प्रोग्राम मशीनवर चालवायच्या आधी कागदावर ओळीओळीने स्वतः चालवून बघायचा. इथे त्याची टिंगल होते – "मृणाल, मशीन आहे ना समोर?" होऊ दे. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मी सांगितलं, प्रोग्राम वीस वेळा फासा टाकतो आणि बेरीज करतो, याचा ड्राय रन लिहा. फासा काय पडेल हे कोणालाच कळणार नाही, तेव्हा एक ते सहामधला कुठलाही आकडा घ्या. एक वाजता सगळे कागद गोळा केले आणि प्रेसमध्ये – इकडे कपाटाला प्रेस म्हणतात – कुलपात ठेवले. किल्ली माझ्या पर्समध्ये.

सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा. तोच प्रोग्राम सगळ्यांनी माझ्यासमोर टाइप केला. मी एकेकाकडे जाऊन तो चालवायचे आणि कागद बघायचे. ब्रीडाचा चालवला. चार, एक, एक, सहा, पाच... कागदावर चार, एक, एक, सहा, पाच. मी खाली बघत गेले, बघत गेले. वीसच्या वीस जुळले!

आता ज्यांनी महाराष्ट्रात परीक्षेचं सुपरव्हिजन केलंय त्यांना विचारा, त्या क्षणी मनात काय येतं. चमत्कार? छे! कॉपी. दोन वर्षं भरारी पथकात होते मी. बुटातून, बांगड्यांतून, पाण्याच्या बाटलीच्या लेबलमागून चिठ्ठ्या काढल्यात. तेव्हा मी म्हटलं, बाईने आकडे आधीच प्रोग्राममध्ये भरून ठेवलेत. फाइल बघितली तर तसं काही नाही, सरळ साधा फासा. पुन्हा चालवला तर वेगळेच आकडे. म्हणजे मग मधल्या वेळात तिने फाइल बदलली असणार... मधला वेळ कुठला? मी तिच्या खुर्चीमागून हललेच नव्हते. पण माझं नाक म्हणत होतं, कॉपी. आणि माझं नाक चुकत नाही, हा माझा माज होता.

कोर्सचा प्रमुख डर्मट. तोंडाने गोड आणि पाठीचा कणा गायब. तो म्हणाला, "अगं, ती ग्रँड आहे, सोडून दे ना." ग्रँड म्हणजे इकडच्या भाषेत ठीक, चांगली. मी म्हटलं, "सोडून कशी देऊ?" शेवटी बुधवारी अकरा वाजता लॅबमध्ये तिला बोलावलं. मी, डर्मट आणि ब्रीडा.

"कसं केलंस ते सांग," मी म्हटलं.

"काही केलं नाही. तू म्हणालीस कुठलाही आकडा घ्या, मी घेतला." तिची मान लाल झाली होती.

"असं? मग आत्ता लिही. आणखी वीस."

तिने डर्मटकडे बघितलं. डर्मटची नजर खिडकीबाहेर. तिने पेन घेतलं आणि रागारागाने भराभर आकडे लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. सुरुवातीलाच तीन, तीन, तीन, तीन, तीन.

"पाच वेळा तीन? खोटं लिहायलासुद्धा आळस!" हो, हे शब्द माझेच आहेत. मी प्रोग्राम चालवला. चार ठिकाणी जुळलं, तेवढं कोणाचंही जुळेल.

"बघितलंस?" मी डर्मटला म्हटलं.

"मला हे जमतं असं मी कधी म्हणाले?" ब्रीडा म्हणाली. "मी कॉपी केली नाही, एवढंच म्हणतेय मी."

मी रिपोर्ट लिहिला, तोही असा कडक की डर्मटला सही करावीच लागली. विषयात शून्य. डिस्टिंक्शन गेलं आणि युनिव्हर्सिटीची जागाही गेली. अपील कर, असं डर्मटने तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "भीक मागायची सवय नाही मला." तिने लॅबमधला आपला चहाचा कप घेतला आणि गेली. मला वाईट वाटलं का? नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन निवांत चहा प्यायले.

सप्टेंबर. नवी बॅच, पहिलाच आठवडा. सुट्टीत लॅबमधली सगळी मशीन बदलली होती. प्रोग्राम म्हणजे काय हे दाखवायला मी वर्गासमोर, प्रोजेक्टरवर, एकेक ओळ टाइप करत तो फाशाचा प्रोग्राम लिहिला आणि चालवला.

तीन. तीन. तीन. तीन. तीन.

पोरं हसली. मी प्रेस उघडली, रिपोर्टची फाइल काढली आणि ब्रीडाचा तो दुसरा कागद पडद्याशेजारी धरला. बोटाने एकेक आकडा जुळवत गेले. विसावा आकडाही जुळला. कोणीतरी मागून विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि वर्ग तसाच सोडून बाहेर आले.

डर्मटने कागद बघितला, फोटो बघितला. मग म्हणाला, "निकाल बदलायचा तर फॉर्मवर कारण लिहावं लागतं, मृणाल. काय लिहू मी?" आणि ती जागा तर केव्हाच दुसऱ्या कोणाला गेली होती.

ब्रीडा पेट्रोल पंपावरच्या दुकानात, सँडविचच्या काउंटरवर, काम करते हे कळलं होतं. शनिवारी दुपारी गेले. हातात निळे ग्लोव्ह्ज, पुढ्यात सॉसेजचे ट्रे, ती पावाला लोणी लावत होती. मी काउंटरवर कागद ठेवला, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. रडू येत होतं, तेही लपवलं नाही. म्हटलं, "ब्रीडा, माझं चुकलं. आता माझा तुझ्यावर विश्वास आहे."

तिने फोटो नीट बघितला. मला वाटलं घाबरेल. ती घाबरली नाही, चिडली.

"म्हणजे मला पुढचं दिसतं, यावर तुझा विश्वास बसला," ती म्हणाली. "आणि मी खरं बोलतेय, यावर नव्हता बसत. का गं?"

माझ्या मागे रांग लागली होती. तिने ग्लोव्ह्ज बदलले आणि माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाला विचारलं, काय हवंय.

मी बाजूला झाले. फाशांचं काय, हे मला आजही समजलेलं नाही. कोणी काही सांगितलं तर वाचेन, पण पटेल असं वाटत नाही. तिच्या 'का गं'चं उत्तर मात्र मला तिथल्या तिथे सुचलं होतं. चोपन्न वर्षांची पॅकिंगवाली बाई, दोन बोटांनी टाइप करणारी, हिला काही येणं शक्यच नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. गाडीत येऊन बसले आणि घरी आले.