काकूंनी पाठवलेल्या मेलची दोन घरं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मला कॉम्प्युटरमधला जाणकार मानतात, त्याला कारण एक प्रिंटर. सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर एकदा रुसला, सगळी कमिटी त्याच्याभोवती आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी उभी होती, आणि मी भिंतीवरचं बटण चालू केलं. टाळ्या पडल्या. मी कमरेत वाकून त्या स्वीकारल्या. बटणाचं कुणाला सांगितलं नाही. इतक्या लोकांचा आनंद कशाला घालवायचा?

त्या कीर्तीमुळेच एका सकाळी आमच्या सेक्रेटरी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या राहतात, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेलेला. आवाज असा की अजूनही त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा सावरून बसतो. त्या दिवशी मात्र तो आवाज कुठेतरी ठेवून आल्या होत्या.

“मला एक राजीनामा लिहून द्या,” म्हणाल्या. “चांगल्या मराठीत. कारण लिहा, प्रकृती.”

कारण मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी जिन्याखालच्या ऑफिसात झालेल्या नाटकाला मी पहिल्या रांगेत होतो. सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहतात. त्यांच्या छतातून पाणी गळतं. ते बघायला ठेकेदार रविवारी येणार, घरी थांबा, असं काकूंनी त्यांना कळवायचं होतं. ठेकेदार आला, दाराला कुलूप. साहेब लेकीकडे लोणी काळभोरला गेलेले. ठेकेदार गेला तो परत फिरकला नाही, आणि पाणी साहेबांच्या पुस्तकांच्या कपाटात उतरलं. आता तुम्ही म्हणाल, एक व्हॉट्सॲप टाकायचा. छे! साहेबांच्या मते व्हॉट्सॲप हे गुलाबाच्या फुलांसाठी आहे. सोसायटीचं काम लेखी हवं, म्हणजे मेलवर.

“मी मेल केली होती,” काकू म्हणाल्या होत्या.

“दाखवा.”

ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला. ‘सेंट आयटम्स’. त्यात ती मेल नाही. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नाही.

“वहिनी,” साहेब अगदी शांतपणे म्हणाले, “पाठवलेली गोष्ट दिसते. न पाठवलेली दिसत नाही. एवढंच आहे ते.”

त्यावर काकूंनी त्यांना सुनावलं असतं. पण मध्ये आमचे अध्यक्ष पडले, आणि त्यांनी काकूंची बाजू घेतली. “जाऊ द्या हो साहेब. या वयात होतं असं.” त्यावर मात्र काकूंनी चष्मा मिटून डब्यात ठेवला.

“माझी थोरली बहीण अशीच गेली हळूहळू,” काकू आता माझ्या खुर्चीत बसून सांगत होत्या. “आधी नुसतं दूध उतू जायचं. मग माणसांची नावंही उतू गेली. मुलगा बंगळुरूहून वर्षभर सांगतोय, आई, आता एकटी राहू नकोस. त्याच्या वाढदिवसाला मी लांबलचक मेल लिहिली होती, तो म्हणतो आलीच नाही. घरच्या लॅपटॉपवर शोधली तर खरंच नव्हती. म्हणजे मीच विसरले. काल रात्री त्याला हो म्हणून टाकलं. फ्लॅट बघायला एजंट येतोय दुपारी.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पण माझ्यातल्या नटाला चौकशीचा प्रवेश सोडवेना.

“काकू, ती ठेकेदाराची मेल कुठून पाठवलीत?”

“फोनवरून. डेपोच्या स्टॉपवर उभी होते, बस येत नव्हती. शेजारी एक बाई कणसं घेऊन बसली होती. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं, मग वाटलं, गळतीच्या मेलमध्ये प्रेम कशाला, म्हणून ‘सप्रेम’ खोडलं.”

“आणि तुम्हाला विसरायला होतं म्हणता?”

“अहो, पण मेल नाही ना तिथे!”

“फोनमध्ये बघितलंत?”

“फोनात वेगळं काय असणार? खातं एकच आहे.”

फोन उघडला. यादीत एक फोल्डर होतं, ‘सेंट मेसेजेस’. त्यात सगळ्यात वर ती मेल. नुसता ‘नमस्कार’, प्रेम वजा. काकूंनी फोन जवळ धरला, लांब धरला.

आम्ही खाली ऑफिसात गेलो. कॉम्प्युटरवर सगळ्या फोल्डरांच्या तळाशी एक बारीकसा बाण होता, तो दाबला. आत तेच ‘सेंट मेसेजेस’ मुकाट बसलेलं. वर्षभराच्या मेल! लिफ्टवाल्याला तीन स्मरणपत्रं, महापालिकेला कचऱ्याबद्दल, आणि कबुतरांना बाल्कनीत दाणे घालणाऱ्या एका सदस्याला एक जळजळीत. तो सदस्य कोण, हे सांगायची इथे गरज नाही.

“म्हणजे झालं काय?” काकूंनी विचारलं.

“कॉम्प्युटर पाठवलेल्या मेल एका नावाच्या फोल्डरात ठेवतो. फोनला ते नाव माहीत नाही, त्याने स्वतःच्या पसंतीचं नाव देऊन दुसरं केलं. मेल तीच. ठेवलीय दुसऱ्या घरी.”

काकू पडद्याकडे बघत खो खो हसत सुटल्या. “हे तर माझंच आहे हो! लग्नात यांनी ताटात तांदूळ पसरून त्यात माझं नवं नाव लिहिलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, रेशनकार्ड सासरच्या. नोकरीला गेले तर तिथला साहेब विचारतो, यातल्या तुम्ही कोण? म्हटलं, दोन्ही मीच, बसू का?”

ठेवून आलेला आवाज परत आला होता. त्याच आवाजात त्यांनी तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवायला मला पुढे घातलं.

साहेबांनी दार अर्धंच उघडलं. काकूंनी फोन पुढे केला. त्यांनी तारीख बघितली, वेळ बघितली, स्वतःचा पत्ता अक्षर अक्षर तपासला. “मला आली नाही. मी स्पॅमसुद्धा बघितलं. रिकामं आहे.” त्यांनी स्वतःचा फोन काढून दाखवला.

“साहेब, खाली ते ‘जंक’ आहे, ते?” मी म्हटलं.

“ते मी केलेलं नाही.”

“पण राहतंय तुमच्याकडेच.”

त्यांनी नाइलाजाने बोट टेकवलं. काकूंची मेल तिथे होती, एका लॉटरीच्या आणि एका गुडघेदुखीच्या तेलाच्या मध्ये. साहेब बराच वेळ ती वाचत होते, खरं तर ती चार ओळींची होती.

“हं,” ते म्हणाले. “पाठवली होती म्हणायची.” मग दार पूर्ण उघडलं. “वहिनी, आत या. छत दाखवतो. आणि कमिटीला मी लेखी कळवतो, चूक माझ्याकडे होती म्हणून.”

पुण्यात यापेक्षा मोठी माफी मी पाहिलेली नाही.

खाली येऊन मी फोनची सेटिंग उघडली. आता दोन्हीकडच्या मेल एकाच फोल्डरात जाणार होत्या. “काकू, कुठलं नाव ठेवू? ‘सेंट आयटम्स’ की ‘सेंट मेसेजेस’?”

त्या माझ्याकडे वळल्या. “मला विचारताय?”

“मग कुणाला?”

“पहिलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून होतं ते.”

एजंटाला त्यांनी माझ्यासमोरच नको म्हणून कळवलं. मग मुलाला फोन लावला. मी उठायला लागलो, तर हातानेच बसा म्हणाल्या.

“मी येत नाहीये रे. ...नाही, भांडण नाही झालं कुणाशी. ...ते नंतर बोलू. तुझ्या वाढदिवसाची मेल माझ्या फोनात निघाली, आधी तुझी मेल उघड. खाली ‘जंक’ लिहिलंय बघ. ...अरे, असेल, नीट बघ. गेल्या वर्षीपर्यंत मागे जा.”

 काकू फोन कानाशी धरून वाट बघत होत्या, एक्स्चेंजमध्ये लाइन जोडली जाईपर्यंत बघत असतील तशा.

“सापडली?” त्या म्हणाल्या. “मग वाच. मी थांबते.”