आईच्या बोटांचे ठसे

माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं, बाळंतपण कॅनडात होणार होतं आणि त्यासाठी आई पहिल्यांदाच देशाबाहेर निघाली होती. मेथीचे लाडू किती न्यायचे, तिकडच्या थंडीला कुठली शाल पुरेल, सगळं तिने ठरवून टाकलं होतं. व्हिसासाठी बोटांचे ठसे तेवढे द्यायचे होते. त्यासाठी आम्ही सोलापूरहून पुण्याला गेलो.

आईने यंत्राच्या काचेवर बोटं ठेवली. ठसे उमटेनात.

“काकू, जरा दाबून ठेवा,” तिथली मुलगी म्हणाली. आईने इतकं दाबलं की नखं पांढरी पडली. बोटं पुसून पाहिली, मलम चोळून पाहिलं. शेवटी मुलीने विचारलं, “तुम्ही काम काय करता?”

“विड्या वळते. लग्न झाल्यापासून.”

मी आईचा हात हातात घेतला. बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. लहानपणी ताप आला की हीच बोटं कपाळावरून फिरायची आणि डोळे न उघडताही आम्हाला ती ओळखू यायची. पण हे त्या यंत्राला कसं सांगणार?

“पंधरा दिवस काम बंद ठेवा आणि पुन्हा या,” मुलगी हळूच म्हणाली. तिच्याही हातात काही नव्हतं. ठसे दिल्यावरही व्हिसा यायला काही आठवडे लागणार होते आणि मीनाला तर तीनच आठवडे उरले होते.

बाहेर पायरीवर टेकलो, तोच मीनाचा फोन आला.

“आई, झालं का गं?”

“झालं की,” आई म्हणाली. “तू आता जड काही उचलू नकोस बघ.”