साहेबाच्या फिडलाला झिलूची तोड

गुंद गावचा झिलू घुमट वाजवायचा म्हणजे काय वाजवायचा, विचारू नका! मातीचं भांडं, तोंडाला घोरपडीचं कातडं, बस. पण त्याची बायको बाळी गायला लागली आणि झिलूची बोटं पडली, की वाटेनं जाणारा घरचं काम विसरायचा. रीत अशी, की गाणारणीनं कितीही फेरे घेतले तरी घुमटवाल्यानं शेवटच्या थापांची तोड दिल्याशिवाय गाणं थांबायचं नाही. तोडीवाचून राहिलेलं गाणं माणसाला धरून बसतं, असं तिकडं मानतात.

बाळी तापात गेली. शेवटच्या रात्री बरळता बरळता गात होती, झिलू उशाशी घुमट धरून. मध्येच म्हणाली, "तोड द्या की आता, दमले मी."

झिलूला धीर झाला नाही. तोड दिली की ही चालली, असं त्याच्या मनानं घेतलं. पण जाणारं माणूस कुणासाठी थांबलंय? बाळी गेली, गाणं अर्धंच राहिलं, आणि घुमट आढ्याला टांगलं गेलं. पुढं लेकीचं, पुतळीचं लग्न माघात ठरलं. मांडवात बापानं घुमट वाजवावं, एवढंच पोरीचं मागणं. झिलू ऐकून न ऐकल्यासारखं करी. जळो मेला बापाचा हट्ट!

दिल्लीदरबाराच्या साली थंडीत जंगलसाहेबाचे तंबू गुंदच्या शेताकडेला पडले. झिलू तिथं लाकडं फोडायला जाई. एका सांजेला धुकं भातखाचरात उतरलं होतं, आणि त्या धुक्यातूनच आल्यासारखा एक सूर आला. झिलूची कुऱ्हाड हातातच राहिली.

तंबूपुढं साहेब डोळे मिटून बसला होता. हनुवटीखाली तारांचं लाकडी वाद्य, हातात लांब काठी.

"फिडल म्हणत्यात त्येला," खानापूरकडचा खानसामा दत्तात्रय म्हणाला. "आयर्लंडचा हाय न्हवं साहेब, तिकडचं गाणं."

सूर डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा पायथ्याशी यायचा आणि पुन्हा चढायचा. झिलूला वाटलं, आपण चालतोय, पुढं बाळी चालतेय, आणि वाट काही संपत नाही. किती गोड वाटलं त्याला! साग, धुकं, चुलीचा धूर, सगळं त्या सुरात फिरायला लागलं.

पण साहेब काही थांबेना. तीच गत, पुन्हा तीच गत. झिलूनं कुऱ्हाड टाकली.

"आरं दत्तात्रया, साहेबाला गाण्यानं धरलंय! तोड द्यायला कोण न्हाई त्येला!"

"खुळा काय तू?" दत्तात्रय हसला.

झिलू ऐकायला होताच कुठं! खाचरं तुडवत घरी पळाला, आढ्यावरचं घुमट काढलं. कातडं गारठून सैल पडलेलं. पुतळीच्या चुलीपुढं त्यानं ते शेकलं. पोर डोळे फाडून बघत राहिली, मग बापामागं धावली.

साहेब अजून वाजवतच होता. झिलू जमिनीवर बसला. आधी बोटं नुसती कातड्यावर फिरली, मग गतीत मिसळली. साहेबानं डोळे उघडले, मान हलवली, हसला. दोघं कितीतरी वेळ तसेच वाहत गेले. तोडीची जागा आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. झिलूचा हात उचलेना. कानात बाळी म्हणत होती, दमले मी.

तिसऱ्यांदा जागा आली आणि झिलूनं तोड दिली.

साहेबाची काठी तारेवरून उचलली गेली. झिलू घुमटावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. "दिली गं बाळी, दिली," एवढंच म्हणत राहिला.

दत्तात्रय जवळ बसला. "झिलू, साहेब अडकला न्हवता रं. त्येंच्यात नाचणारी दमस्तवर गत फिरवीतच ऱ्हात्यात."

"आसंल," झिलू डोळे पुसत म्हणाला. "मी तर अडकलोच हुतो."

पुतळीनं घुमट उचललं. "बा, परत आढ्याला टांगू?"

"कशाला गं? चुलीजवळच ठेव. माघ काय लांब हाय?"