चव्वेचाळीस की छत्तीस

वर्लिन स्टिडमने आयुष्यात एकशे अकरा बंदुका घडवल्या, सगळ्या चकमकीच्या, ठासणीच्या. नळी कापण्याआधी तो तीनदा मोजायचा. "लाकडाला जोड देता येतो, नळी वाढवता येत नाही," हे त्याचं पालुपद. एकशे बारावीची नळी मात्र पाच आठवडे बाकावर तशीच पडून होती. अखंड, आठ पैलूंची, शेहेचाळीस इंचांची. बंदूक एस्टिलची होती ना!

एस्टिल मॅगार्ड त्याचा शाळेपासूनचा दोस्त, खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणारा. दर ऑक्टोबरात केंटकीच्या त्या डोंगरात नेमबाजी व्हायची, आणि बक्षीस म्हणून कापलेल्या गोऱ्ह्याचे वाटे. त्यातला मागचा फरा एस्टिलने नऊदा घरी नेला होता. नियम एकच: उभ्याने मारायचं, टेकू नाही. यंदा त्याचे हात थरथरायला लागले होते, आणि जायचं तर त्याला होतंच.

सोमवारी त्याची बायको झेल्मा मक्याची भाकर घेऊन वर्लिनकडे आली.

"छत्तीसवर काप. हलकी होईल. मी सांगितलं म्हणू नकोस."

"तो चव्वेचाळीस म्हणालाय, झेल्मा."

"तो उद्या चंद्र मागेल! अरे, सकाळची कॉफी मी पाजते त्याला. कप धरून."

भाकर छान झालीय, एवढंच वर्लिन पुटपुटला. अजून चाखलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी एस्टिल स्वतः हजर. "बंदूक जमिनीवर उभी केली की तोंड हनुवटीला लागलं पाहिजे. माझा बाप नळीत दारू ओतायला कधी वाकला नाही."

"आधी काठी धर."

प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्लिन ती काठी धरायला लावायचा. बंदुकीच्या जुन्या दस्त्याला हिकरीच्या लाकडाची काठी बसवलेली, तिच्यावर शिशाची पिशवी. पिशवी जितकी पुढे, तितकी नळी लांब. माणसाने नेम धरायचा, वर्लिनने दहा मोजायचे. टोक जिथे स्थिर राहील ती लांबी.

चव्वेचाळीसच्या खुणेवर तिसऱ्या आकड्याला टोक खाली गेलं.

"भराभर मोजतोयस लेका!"

"हळूच मोजतोय."

चाळीस. अडतीस. छत्तीसला टोक वाऱ्यावरच्या सदऱ्याच्या बाहीसारखं हलत होतं.

"पिशवी काढ," एस्टिल म्हणाला.

"पुरे आता. कॉफी टाकतो."

"काढ म्हटलं ना!"

वर्लिनने पिशवी काढली. नुसती काठी राहिली, बोटाएवढी जाड. तीही तशीच हलत होती. वर्लिन मोजायचाच थांबला.

एस्टिलने काठी खाली घेतली. "हं, कारागीर. बोल आता. किती इंच?"

"मला नाही सांगता येत, एस्टिल."

"झेल्मा छत्तीस म्हणाली असेल."

"छे! ती कशाला..."

"गप रे. दारातून आत आलो तेव्हाच तिच्या भाकरीचा वास आला मला."

वर्लिनने काठी त्याच्या हातून घेतली. "पंचांशी बोलू का? यंदापुरता टेकू..."

"म्हणजे मी टेकवून मारायचं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या? मेलो तरी नाही. मी जाणारच नाही." तो स्टुलावर बसला. नळीकडे बघत म्हणाला, "छत्तीस पेलत नाही, चव्वेचाळीसही पेलत नाही. मग बघायला तरी नीट असू दे. भिंतीवर टांगीन. चव्वेचाळीस काप."

वर्लिनने तीनदा मोजलं. चौथ्यांदाही मोजलं. मग नळी बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळली आणि करवत लावली.

"तुकडा खाली पडेल," म्हणत एस्टिल उठला आणि त्याने पुढचं टोक मुठीत धरलं.

त्याची थरथर नळीतून थेट करवतीच्या मुठीत आली. पातं खुणेवरून घसरू लागलं. 'हात काढ' एवढंच म्हणायचं होतं. वर्लिनच्या तोंडून ते निघेना. थरथर जरा कमी झाली की तो एक ओढ मारायचा, मग थांबायचा. दोन मिनिटांचं काम. अर्धा तास झाला तरी पातं अर्ध्यावरच होतं.