आत्याचं लिंबू आणि सासूबाईंची फरशी

माझ्या आत्याच्या पर्समध्ये कायम एक लिंबू असायचं. जानेफळच्या बायका म्हणायच्या, एवढी शिकलेली बाई, पण नजरेला भिते. आत्या कशालाच भीत नव्हती. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि कुठे पांढरी फरशी दिसली की लिंबू पिळून पाहायची. बुडबुडे आले तर संगमरवर, नाही तर दुकानदाराची थाप.

"काळा दगड ज्वालामुखीतून आला. तापला, वाह्यला, थंड झाला, विषय खतम," ती सांगायची. "संगमरवर मूळचा चुनखडी. जमिनीखाली दाब सोसला, उष्णता सोसली, तवा कुठं हे रूप आलं. पन आंबट लागलं का अजूनही फसफसते."

माणसांनाही ती याच दोन ढिगांत टाकायची. आई संगमरवर. बाबा काळा दगड. "तुह्या बापावर लिंबू वाया घालू नको, त्याले काही होत नाही." माझा निकाल मात्र तिने राखून ठेवला होता.

माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. मुलगा धामणगाव बढ्याचा आणि मला मनापासून आवडलेला. आम्ही त्यांचं घर पाहायला गेलो. घर नवं, फरशी पांढरीशुभ्र. मी आत्याची पर्स माझ्याकडे ओढली, तिने ती परत घेतली.

"आत्या, आज नको," मी कुजबुजले.

"हाव, हाव," ती म्हणाली.

मुलाची आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा आत्या उंबऱ्याशी उकिडवी बसली होती आणि फरशीवर अर्धं लिंबू पालथं पडलं होतं. कपबशा खळखळल्या.

"हे काऊन ठेवलं माह्या दारात?"

"करणी नाही हो बाई, परीक्षा हाय."

"आमच्या घरात कोनी मानत नाही हे असलं," त्या ठसक्यात म्हणाल्या, "पन उचला तुम्हीच!"

बाबा शांतपणे बिस्कीट बुडवून खात होते. मला लग्न हातचं गेलेलं दिसत होतं आणि भयंकर राग आला होता.

आत्याने तिथेच तास घेतला. नको नको म्हणत बाई वाकल्या, तर खरंच बारीक बुडबुडे. मग मागच्या अंगणातल्या पाट्यावर लिंबू पिळलं. तिथे काहीच नाही.

"पाटा ज्वालामुखीचा, त्याले फरक पडत नाही. तुमची फरशी मात्र अस्सल संगमरवर!"

"म्हंजे फरशीवाल्यानं मले फसवलं नाही!" बाईंचा चेहरा खुलला. मग त्यांनी उंबऱ्याजवळ पुसून पाहिलं. तेवढ्या भागाची चकाकी गेली होती. चेहरा पुन्हा उतरला. "निघन का हे?"

"पॉलिशनं," आत्या म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मुलगा खाली मान घालून हसू दाबत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "डाग तुमच्या घरचा. त पुसायले पोरगीही तुमच्याच घरची पाहिजे."

अशी मी या घरात आले. आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. तिची फार आठवण येते.

परवा पॉलिशवाला मशीन घेऊन आला. सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि नेमक्या त्या डागावर ठाण मांडलं.

"एवढी जागा सोड बे," त्या म्हणाल्या. "तिथं भूगोलाच्या बाईची सही हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. आत्याने राखून ठेवलेला माझा निकाल त्या दिवशी लागला. संगमरवर.