हातावर गोंदलेली नावं

देवासला माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे, आणि गुरुवारी मी धारला बसते. लोकांना वाटतं, मुरुम आणि खरूज सोडून इथे काय येणार? पण पेशंटनं बाही वर केली की खालून गोष्ट निघतेच! टॅटूच्या तर इतक्या साठल्यात, की चहाच्या वेळी आमची नर्स सुषमा आधीच बजावते, "मॅडम, आज हसवणारी सांगा हं!"

हसवणारी म्हणूनच सुरू करते मी.

*

धारची एक नवरी. लग्नाच्या आदल्या दिवशी हातांवर काळ्या मेंदीचा टॅटू काढला. झटपट रंगणारी मेंदी म्हणजे त्यात केसांच्या डायचं केमिकल! सकाळी दोन्ही हातांवर टपोरे फोड. मी बँडेज बांधत होते, ती मुसमुसत होती. शेजारी तिची आत्या कौतुकानं म्हणाली, "रंग भारी चढलाय गं! नवरा फार जीव लावणार!"

*

अमझेऱ्याच्या जत्रेत दोन दोस्तांनी एकमेकांची नावं गोंदवली.

"सुई नवी आहे ना?" एकानं गोंदणाऱ्याला विचारलं.

"एकदम नई, भिया! आज सुबेच खोली है!"

सकाळपासून ती किती हातांत शिरली, कोण जाणे! पहिल्याला हिपॅटायटिस बी होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याच सुईनं तो दुसऱ्याला गेला. दुसरा अंगाला खाज सुटते म्हणून माझ्याकडे आला, तर डोळे पिवळेधमक. दोघांचे रिपोर्ट आले तेव्हा पहिला ढसाढसा रडायला लागला. दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "रो मत यार. अपना टिफिन भी तो एकच था."

*

देवासचा रोहित ड्रेसिंगला यायचा. दंडावर मोठ्या अक्षरांत 'आई' गोंदवलेलं, त्यात पू झालेला. त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन निघालं, रक्त हवं होतं. दोघांचा ग्रुप एकच. पण ब्लड बँकेनं दंड पाहिला आणि त्याला परत पाठवलं. ताज्या टॅटूवाल्याचं रक्त घेत नाहीत.

रक्त दिलं एका अनोळखी माणसानं. आई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर, "रोहितचा हात बरा आहे का?"

*

बदनावरच्या एक मराठी शिक्षिका. मुलगी तापानं गेली. तिला लाल रंग आवडायचा, म्हणून बाईंनी मनगटावर लाल शाईत 'चिनू' लिहून घेतलं. पुढे लाल शाईची ॲलर्जी उठली. अक्षरं फुगली, खाज थांबेना. मलम झालं, इंजेक्शनं झाली.

मी सांगितलं, "लेझरनं ॲलर्जी अंगभर भडकू शकते. तेवढी कातडी कापूनच काढावी लागेल."

यजमान हळूच म्हणाले, "काढून टाक गं. नाव गेलं म्हणून ती थोडीच जाणार आहे?"

बाई मनगट खाजवत होत्या.

मी विचारलं, "फार त्रास होतो का?"

"हो ना. झोपूच देत नाही." त्या मनगटाकडे बघत राहिल्या. "तान्ही असताना अशीच करायची."

"मग पुढच्या गुरुवारी काढू या?"

त्यांनी बाही खाली ओढली.

"राहू द्या, डॉक्टर. अजून थोडे दिवस."